पडद्यावरील देवनागरी आणि दोन ग्राफिक्स कार्डांचा कलह

१

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे गाव आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाज या स्थानास आपली काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, कर्नाटक आणि आंध्र येथील तांडेही येथे येतात. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने ही एक दुर्मिळ संधी होय. एरवी शेकडो कोसांवर विखुरलेली गोरबोलीची रूपे दोन-तीन दिवस एकाच आवारात ऐकावयास मिळतात. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) बंजारी अथवा लभाणी या नावाने या बोलीची नोंद झाली, आणि १९७० साली रोनाल्ड ट्रेल यांचे लमाणीचे व्याकरण प्रसिद्ध झाले. तथापि या बोलीचा फार मोठा भाग आजही केवळ मुखी आहे. तिला स्वतःची अशी रूढ लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, कर्नाटकात कन्नड लिपीत आणि तेलंगणात तेलुगू लिपीत.

प्रस्तुत लेखकाने अशाच एका यात्रेत काही वृद्ध स्त्रियांकडून होळीच्या लेंगी व लग्नप्रसंगीची गीते ध्वनिमुद्रित केली. तिसऱ्या दिवशी ती त्यांना पुन्हा ऐकवावयाची होती. सोबतच्या संगणकावर लिनक्स ही मुक्त प्रणाली होती, आणि त्यात दोन ग्राफिक्स कार्डे होती. आदल्या रात्री लेखकाने एका कार्डासाठी नवा ड्रायव्हर बसविला, परंतु त्याच कार्डाचा जुना ड्रायव्हर काढून टाकण्याचे राहून गेले. चूक सर्वस्वी लेखकाची होती. सकाळी कळ दाबल्यावर निर्मात्याचे चिन्ह उमटले, क्षणभर काही अक्षरे सरकली आणि पडदा काळा झाला. पंखा फिरत होता, चकतीचा दिवा लुकलुकत होता. दिसत मात्र काहीच नव्हते. जिला तांड्यात सारे ‘याडी’ म्हणत, त्या वृद्धेने आपला आवाज गेला काय, असे विचारले. तत्काळ उत्तर देता आले नाही.

हा प्रसंग केवळ यांत्रिक अडचणीचा म्हणून सोडून देता आला असता. परंतु पुढे जे घडले त्यामुळे एक ऐतिहासिक प्रश्न उभा राहिला. पडदा काळा होणे ही आपत्ती सर्व भाषांना सारखीच भोवते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

२

प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे की संगणकाच्या पडद्यावरील अक्षर हे आरंभी संगणकाचे नव्हतेच. ते कार्डाचे होते. १९८१ साली आय.बी.एम.चा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्याबरोबर पडद्यासाठी दोन प्रकारची कार्डे मिळत. एक केवळ मजकुरासाठी, एकरंगी. दुसरे रंगीत आणि चित्रे दाखवू शकणारे. एकरंगी कार्डावरील स्थायी स्मृतीत २५६ अक्षराकृती कायमच्या कोरलेल्या असत. संगणक फक्त क्रमांक पाठवी आणि कार्ड त्या क्रमांकाची आकृती ठरावीक चौकटीत उमटवी. या २५६ आकृतींत देवनागरीस स्थान नव्हते. थाई, अरबी, तमिळ यांनाही नव्हते. रंगीत कार्डावर ठिपक्यांनी हवी ती आकृती काढता येई, परंतु त्याचे ठिपके इतके विरळ होते की गुंतागुंतीची लिपी त्यात वाचनीय राहत नसे.

या कोंडीतून एक मार्ग १९८२ साली निघाला, आणि तो लिपीच्या गरजेतूनच निघाला, ही गोष्ट भाषाभ्यासकांनी विसरू नये. व्हॅन सुवन्नुकुल या थाई अभियंत्यास आपला प्रबंध थाई लिपीत लिहावयाचा होता. एकरंगी कार्डाची स्पष्टता आणि चित्र काढण्याची मुभा या दोन्ही गोष्टी त्यास एकत्र हव्या होत्या. त्यातून ‘हर्क्युलिस’ हे कार्ड निर्माण झाले. त्यावर आडवे ७२० आणि उभे ३४८ ठिपके मिळत. हे कार्ड पुढे जगभर पसरले. परंतु त्याचे मूळ एका आशियाई लिपीच्या अडचणीत होते.

आता याच कार्डाचा दुसरा गुण पाहावा. हर्क्युलिसची स्मृती ६४ किलोबाइटांची असून ती प्रत्येकी ३२ किलोबाइटांच्या दोन पृष्ठांत विभागलेली असे. पहिले पृष्ठ संगणकाच्या ज्या पत्त्यांवर वसे ते मूळ एकरंगी कार्डाचे पत्ते होते. दुसरे पृष्ठ मात्र नेमके त्याच पत्त्यांवर येई, जे रंगीत कार्डासाठी राखून ठेवलेले होते. परिणामी एकाच संगणकात हर्क्युलिस आणि रंगीत कार्ड अशी दोन्ही असली, आणि हर्क्युलिस पूर्ण क्षमतेने चालविले, तर एका पत्त्यावर पाठविलेल्या मजकुरावर दोघेही हक्क सांगत. म्हणून त्या कार्डास ‘अर्धी’ अवस्था ठेवलेली होती. शेजारी दुसरे कार्ड असल्यास त्याने आपले दुसरे पृष्ठ मिटून घ्यावयाचे. दोन कार्डांच्या कलहाचे आणि त्यावरील तडजोडीचे हे जुने, स्वच्छ उदाहरण आहे. लिपीसाठी मिळविलेली जागा आणि शेजाऱ्याशी होणारा संघर्ष या दोन्ही गोष्टी एकाच वस्तूत एकत्र आल्या होत्या.

३

भारतात हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविण्यात आला. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भारतीय लिप्यांसाठी जे संशोधन झाले त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्रज्ञान पुढे आले, आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेत त्याचा विकास झाला. जिस्ट कार्ड संगणकाच्या रिकाम्या खाचेत बसवीत. इंग्रजीसाठी रचलेला मजकूरप्रधान कार्यक्रम न बदलता चाले. व्यंजनांचा संयोग करणे, ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे नेणे, रफार पुढील अक्षराच्या डोक्यावर ठेवणे, ही सर्व लिपिसंयोजनाची कामे कार्ड स्वतःकडे घेई. महाराष्ट्रातील अनेक कार्यालयांत आणि छापखान्यांत संगणकावरील मराठी प्रथम याच मार्गाने दिसली.

या कार्डाचे भाषावैज्ञानिक मर्म असे की, साठविलेला संकेत आणि दिसणारी आकृती यांची त्याने फारकत केली. संकेत उच्चारक्रमाने साठवावयाचा आणि आकृती लिपीच्या नियमाने घडवावयाची. ‘इस्की’ या संकेतप्रणालीचे १९९१ साली जे भारतीय मानक झाले त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. ध्वनी आणि लेखन यांतील जो भेद आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवितो, तो येथे यंत्राच्या रचनेत उतरला.

परंतु याची एक किंमत होती. देवनागरीचे दिसणे एका विशिष्ट कार्डावर अवलंबून राहिले. कार्ड काढले की संकेत जागेवरच असत. दिसेनासे होत ते मराठी. पुढे पडदा सर्वस्वी ठिपक्यांचा झाला आणि लिपिसंयोजनाचे काम कार्डाकडून आज्ञावलीकडे गेले, तेव्हा जिस्ट कार्डाची गरज उरली नाही. तरीही अवलंबित्व संपले नाही; त्याचे केवळ स्थान बदलले.

४

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला. आरंभीच्या लिनक्समध्ये पडद्याचे दोन स्वतंत्र कारभारी होते. मजकुराचा साधा पडदा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सांभाळी. चित्रमय पडदा ‘एक्स’ नावाची बाहेरची आज्ञावली सांभाळी, आणि ती कार्डाशी थेट बोलत असे. भारतीय लिप्यांचे काम अर्थातच दुसऱ्या कारभाऱ्याकडे गेले. मुंबईच्या ‘एन.सी.एस.टी.’ या संस्थेतील ‘इंडिक्स’ प्रकल्पाने एक्समध्येच भारतीय लिप्यांचे संयोजन घडवून आणण्याचा प्रयत्न केला. नंतर ‘पँगो’ आणि ‘हार्फबझ’ यांसारख्या आज्ञावलींनी ते काम त्याहून वरच्या थरात नेले. २००४ साली रेड हॅटने ‘लोहित’ टंक मुक्त परवान्याने प्रसृत केले. २००७ साली सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठी सिद्ध केलेली लिनक्स प्रणाली आणली. ‘तऱ्हा’ किंवा ‘वाऱ्यावर’ यांतील मराठीचा अर्धा र, ज्याची अनेक इतर भाषिकांना गरज नसते, तोही या थरांतून नीट उमटू लागला.

साधा मजकुराचा पडदा मात्र जेथे होता तेथेच राहिला. त्यावर एका वेळी अधिकांत अधिक ५१२ आकृती मावतात, प्रत्येक अक्षरास ठरावीक रुंदीची चौकट मिळते, आणि संयोजनाची सोय नसते. रोमन लिपीस एवढे पुरते. देवनागरीस पुरत नाही. कर्नलचे स्वतःचे संदेशही इंग्रजीतच असतात.

या दोन कारभाऱ्यांमुळे आणखी एक अडचण निर्माण झाली. जुन्या व्हीजीए पद्धतीचे ठरावीक पत्ते प्रत्येक कार्डास हवे असतात. परंतु एका वेळी एकच कार्ड त्यांना उत्तर देऊ शकते. एका संगणकात दोन कार्डे असली आणि दोन आज्ञावली त्यांच्याशी परस्पर बोलू लागल्या, तर कोणाच्या हाकेस कोणी ओ द्यावी, हे ठरविणारा कोणीच नव्हता. यासाठी बेंजामिन हेरेनश्मिट यांनी २००५ साली एका लवादाची कल्पना मांडली. ब्राझीलमधील पाराना विद्यापीठातील पाउलो झानोनी व तियागो विन्याती यांनी ती पुढे नेली, आणि डेव्ह एअरली यांच्या साहाय्याने २००९ च्या अखेरीस आलेल्या २.६.३२ या आवृत्तीत ती कर्नलचा भाग झाली. तिचे नावच ‘व्हीजीए आर्बिटर’, म्हणजे लवाद, असे आहे. १९८२ च्या ‘अर्ध्या अवस्थे’चीच ही प्रगत आवृत्ती म्हणता येईल.

त्याच वर्षी २.६.२९ या आवृत्तीपासून पडद्याची मांडणी ठरविण्याचे काम क्रमाक्रमाने कर्नलकडेच येऊ लागले. दोन कारभाऱ्यांचे भांडण मिटविण्याचा हा मूलगामी उपाय होता. तथापि त्याने वादाचे स्थळ संगणक सुरू होण्याच्या अगदी आरंभीच्या टप्प्यावर आणले. पूर्वी चुकीचा ड्रायव्हर असला तर निदान मजकुराचा पडदा दिसत असे. आता ड्रायव्हर चुकला की तोही दिसेनासा होई.

२०१० च्या फेब्रुवारीत एनव्हिडिया या कंपनीने ‘ऑप्टिमस’ पद्धत आणली. तिच्यात बहुधा पडदा एका कार्डास जोडलेला असतो आणि जड काम दुसरे करते. त्याच महिन्यात ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. कंपनीने आपल्या कार्डांची पुरेशी माहिती दिली नसल्यामुळे, कार्डाचे वर्तन बाहेरून पाहून स्वयंसेवकांनी तो रचला होता. लिपी ज्ञात नसलेला शिलालेख वाचण्याच्या पद्धतीशी त्याचे साम्य आहे. आता एकाच कार्डासाठी दोन ड्रायव्हर झाले, आणि एका वेळी एकच कार्डाचा ताबा घेऊ शकतो, हा नियम कायम राहिला. २०१२ च्या जून महिन्यात टोरवाल्ड्स यांनी फिनलंडमध्ये जाहीर व्याख्यानप्रसंगी या कंपनीवर अत्यंत कठोर शब्दांत टीका केली. पुढे दहा वर्षांनी, २०२२ च्या मे महिन्यात, कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चालणारा भाग मुक्त परवान्याने प्रसिद्ध केला. वाद बराच निवळला. परंतु जुन्या संगणकांत आणि निष्काळजी हातांत तो अद्यापि जिवंत आहे.

५

आता पुन्हा पोहरादेवीस यावे. काळ्या पडद्यासमोर पहिला प्रश्न हा की काळोख कोणत्या टप्प्यावर झाला? निर्मात्याचे चिन्ह दिसले होते. म्हणजे पडदा व कार्ड शाबूत होते. काही अक्षरे सरकली होती. म्हणजे कर्नल चालू झाला होता. त्यानंतर काळोख झाला. म्हणजे दोष ड्रायव्हर ताबा घेतो त्या क्षणी होता. रोगाचे स्थान निश्चित करण्याची ही रीत भाषाभ्यासकास अपरिचित नाही. दोन हस्तलिखितांतील पाठ कोठपर्यंत जुळतात हे पाहूनच भेदाचे मूळ शोधावयाचे असते.

उपाय असा केला. संगणक पुन्हा चालू करून आरंभीच्या निवडसूचीवर ‘ई’ ही कळ दाबली, आणि कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा एक शब्द रोमन अक्षरांत जोडला. त्याचा अर्थ, कोणत्याही ड्रायव्हरने पडद्याची मांडणी बदलू नये. यंत्राच्या मूळ व्यवस्थेने दिलेला साधा पडदाच राहू द्यावा. ही दुरुस्ती त्या एका वेळेपुरतीच टिकते, म्हणून ती निर्भयपणे करून पाहता येते.

पडदा उजळला. चित्रमय वातावरण मात्र उघडले नाही, कारण त्याच्या मांडणीत नव्या ड्रायव्हरचे नाव लिहिलेले होते आणि तो कामास येत नव्हता. समोर आला तो मजकुराचा साधा पडदा. लेखकाने धारिकांची सूची मागितली. धारिका होत्या, त्यांचे आकारमान योग्य होते, दिनांक योग्य होते. परंतु नावे देवनागरीत दिलेली असल्यामुळे प्रत्येक नावाच्या जागी चौकोनांची रांग उभी होती. कोणती धारिका कोणाच्या आवाजाची, हे वाचता येईना. शेजारी बसलेल्या याडीने आपले नाव कोठे आहे ते दाखविण्यास सांगितले, आणि लेखकास एका चौकोनाकडे बोट दाखवावे लागले.

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. नावे रोमन लिपीत असती तर या टप्प्यावर संकट जवळजवळ संपले असते. साध्या पडद्यावरूनच काम पुढे गेले असते. देवनागरीत लिहिणाऱ्यास मात्र हा आश्रय नाही. ग्राफिक्स कार्डांचा कलह इंग्रजी वापरणाऱ्याची सोय हिरावून घेतो. मराठी वा गोरबोली लिहिणाऱ्याची लिपीच हिरावून घेतो. १९८१ च्या कार्डावरील २५६ आकृतींची जी सीमा होती, तिची सावली आजही संकटकाळी पडते.

पुढील दुरुस्ती सरळ होती. कोणत्या कार्डाचा ताबा कोणत्या ड्रायव्हरकडे आहे हे दाखविणारी आज्ञा दिली. मागील अयशस्वी आरंभाची नोंदवही वाचली. तीत दोन्ही ड्रायव्हरांची नावे एकाच कार्डाशी जोडलेली आढळली. त्यांपैकी एक ठेवावयाचा असे ठरवून दुसऱ्याचे नाव निषेधसूचीत घातले. येथे अनेकजण थांबतात आणि अपयशी होतात. संगणक सुरू होताना प्रथम एक लहान आरंभ-प्रतिमा स्मृतीत चढते, आणि ड्रायव्हर पुष्कळदा तीतूनच जागा होतो. ती प्रतिमा नव्याने बांधली नाही तर निषेधसूची व्यर्थ ठरते. ती बांधली, मांडणीतील जुना उल्लेख काढला, आणि संगणक पुन्हा चालू केला. दहा-पंधरा मिनिटांत चौकोनांच्या जागी नावे परत आली. गीते ऐकविण्यात आली. याडीने एका गीतातील एक कडवे आपण चुकीचे म्हटल्याचे दाखवून दिले आणि ते पुन्हा म्हटले. ते दुसरे रूपच आता आमच्या संग्रहात प्रमाण म्हणून आहे. संगणक त्या सकाळी बंदच राहिला असता तर चुकीचे कडवे कायमचे नोंदले गेले असते.

६

हा विषय अभियंत्यांचा आहे, भाषाविभागाचा नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्यात तथ्य नाही असे नाही. तथापि छापखान्याच्या इतिहासाविषयी आपण असे म्हणत नाही. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली आपले मराठी व्याकरण देवनागरीत छापले आणि १८१० साली कोश मोडीत छापला, याचा मराठीच्या लेखन-इतिहासाशी संबंध आहे, हे आपण मान्य करतो. खिळ्यांनी जे तेव्हा ठरविले ते आज कार्ड, ड्रायव्हर आणि लिपिसंयोजक ठरवितात. साधन बदलले, प्रश्न तोच आहे: भाषेच्या अस्तित्वापैकी किती भाग तिच्या स्वतःच्या हाती आहे आणि किती तिला दाखविणाऱ्या यंत्राच्या?

क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. धारिकांस रोमन अंक व अक्षरांची साधी नावे द्यावीत आणि देवनागरी तपशील स्वतंत्र सूचीत, शिवाय कागदावरही, ठेवावा. ज्या संगणकावर संग्रह आहे त्यात क्षेत्रकार्याच्या काळात कोणताही बदल करू नये. आणि ध्वनिमुद्रण त्याच दिवशी दुसऱ्या साधनावर उतरवावे. पहिला नियम लिहिताना लेखकास खेद होतो, कारण तो एका अर्थी शरणागतीचा आहे. साध्या पडद्यावर देवनागरी नीट उमटेपर्यंत मात्र तो पाळणेच शहाणपणाचे.

अखेरीस, ज्या बोलीच्या शोधात आम्ही पोहरादेवीस गेलो होतो तिच्याकडे पाहावे. गोरबोलीने शतकानुशतके कोणत्याही पडद्यावाचून, कोणत्याही लिपीवाचून आपला संग्रह सांभाळला. तो दिसत नव्हता म्हणून तो नव्हता असे नाही. काळ्या पडद्यामागे चालू असलेल्या संगणकाविषयीही हेच खरे आहे. दिसत नाही म्हणजे नष्ट झाले असा निष्कर्ष घाईने काढू नये, हा धडा यंत्राच्या दुरुस्तीस लागू पडतो, आणि ज्या बोलींची नोंद अद्यापि झालेली नाही त्यांच्या अभ्यासासही तितकाच लागू पडतो. मात्र बोलणारे मुख एकदा मिटले की ‘ई’ची कळ दाबून ते पुन्हा उघडता येत नाही. म्हणून काम त्वरेने झाले पाहिजे.